तहाचे चित्र आणि शांततेची आशा



इतिहासाच्या अभ्यासकाने दप्तराइतकेच चित्रही वाचावयास शिकले पाहिजे. याचे उदाहरण म्हणून टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराचे, सध्या लंडनच्या टेट संग्रहालयात असलेले एक चित्र घेऊ. स्थळ शनिवारवाडा. कोरीव खांब व कमानींच्या दिवाणखान्यात सोळा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे बसले आहेत. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट त्यांच्याशी तह पुरा करीत आहे. शस्त्रांच्या खणखणाटाऐवजी येथे कागदाला मान आहे, आणि परका वकील दरबारी मंडळींच्या पंक्तीत बसला आहे. पाहणाऱ्यास वाटते, आता दख्खनेत स्वस्थता नांदणार.

परंतु तहाची कलमे निराळे सांगतात. १ जून १७९० चा हा पुण्याचा तह टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धासाठी होता, आणि जिंकलेला मुलूख तिघांनी वाटून घ्यावयाचा होता. तिसरा भागीदार आपल्या हैदराबादचा निजामअली खान. त्याने ४ जुलै रोजी पानगल येथे इंग्रजांशी स्वतंत्र तह केला. चित्रातील शांतता ही युद्धाची नांदी होती.

१७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले. तिघांची दोस्ती मात्र फार टिकली नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर मराठे व निजाम एकमेकांसमोर उभे ठाकले. इंग्रज तटस्थ राहिले. त्या पराभवाची सल घेऊन हैदराबादने १७९८ मध्ये कंपनीची तैनाती फौज पत्करली. १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावानेही तोच मार्ग धरला.

आता चित्राचा काळ पाहा. त्याची पूर्वतयारी जेम्स वेल्स या चित्रकाराने केली. तो तहानंतर पुण्यास आला आणि १७९५ मध्ये निवर्तला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने मॅलेटसाठी चित्र पुरे केले व १८०५ मध्ये ते लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. तोवर सवाई माधवराव, नाना फडणवीस, टिपू आणि निजामअली हे सारेच काळाच्या पडद्याआड गेले होते. बरोबरीच्या नात्याने बसलेले दरबार तेव्हा कंपनीचे अंकित झाले होते. विजेत्याला आपल्या सत्तेचा आरंभ स्नेहाचा दिसावयास हवा होता. ते काम या चित्राने केले.

म्हणून चित्र टाकाऊ ठरत नाही. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. त्या दिवाणखान्याचे रूप आज आपल्याला या चित्रामुळेही कळते. मात्र शांततेचे कोणतेही चित्र समोर आले, की तीन प्रश्न विचारावेत: ते कोणी काढविले, केव्हा काढविले, आणि त्या शांततेची किंमत चित्राबाहेरच्या कोणी मोजली? पुणे आणि हैदराबाद परस्परांना ओळखण्यात चुकले, त्याची किंमत दोघांनीही मोजली. मराठी आणि दख्खनी या दोन्ही परंपरांचे वारस असलेल्या आपण हैदराबादकरांनी तरी हे विसरू नये.