पळसाच्या फांदीवरची तबकडी

गाण्याच्या तबकडीचं कूळ शोधत मागे गेलं, की पळसाच्या फांदीपाशी येऊन थांबावं लागतं. आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेलू-बोरच्या बाजूला, फाल्गुनात फुलतो तोच पळस. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच चढवतात. ते खरवडून, धुऊन, वाळवून त्याचा दाणा लांब कापडी पिशवीत भरायचा. भट्टीच्या धगीसमोर पिशवी पिळत गेलं, की वितळलेली लाख कापडातून पाझरते. मग कारागीर तो गरम गोळा हातापायांनी ताणून पापडासारखा पातळ करतो.

एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. आधी त्याने कडक रबराच्या तबकड्या काढल्या, काही वर्षांत तो लाखेकडे वळला. लाखेत दगडाची भुकटी, काजळी, कापसाचे तंतू मिसळत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, पण तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. इथली लाख समुद्रापार जायची आणि इथलंच गाणं तबकडी होऊन परत यायचं. लाख खरवडणाऱ्यांचं नाव मात्र कुठल्याच लेबलावर आलं नाही, ही खंत मला वाटते. सेवाग्रामला येण्याआधी, १९३१ मध्ये, गांधीजींनी लंडनमध्ये कोलंबिया कंपनीसाठी ईश्वराविषयीचं आपलं म्हणणं वाचलं, तेही अशाच लाखेच्या तबकडीवर उतरलं.

१९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेने लाखेच्या वापरावर बंधनं घातली. सैनिकांसाठी विनाइल या प्लास्टिकच्या तबकड्या निघू लागल्या आणि १९४८ मध्ये कोलंबियाची एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी आली. तीन-चार मिनिटांच्या जागी एका बाजूला वीसेक मिनिटं गाणं मावू लागलं.

पंक या रॉक संगीतातल्या बंडखोर प्रवाहाने हेच विनाइल १९७७ च्या जानेवारीत आपल्या हाती घेतलं. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने पाचशे पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला फक्त १००० प्रती, कारण तेवढंच परवडत होतं. आज जुने बँड मोजक्या प्रती मुद्दाम काढतात, पण त्या सवयीचं मूळ माझ्या मते या उसनवारीत आहे. बझकॉक्सचा गायक पीट शेली २०१८ मध्ये गेला. त्याचा साथीदार गिटारवादक स्टीव्ह डिगलने बँड चालू ठेवला आणि २०२२ मध्ये नवा अल्बम आणला, विनाइलवरही.

घरात आजोबांच्या वेळची जाड, जड, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी असेल, तर ती बहुधा लाखेची. तिला स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. किंचित ओलसर मऊ फडकं फिरवा आणि लगेच कोरडी करा.