कंपनीला लांबलचक वाटलेलं गाणं श्रोत्यांनी डोक्यावर घेतलं. पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या अल्बमची गोष्ट

इंग्रजी गाणी फारशी न ऐकणाऱ्यालाही ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे नाव कुठेतरी कानावरून गेलेलं असतं. कुणी २०१८ चा सिनेमा पाहिलेला असतो, कुणी रील्समध्ये त्याचा तुकडा ऐकलेला असतो. हे गाणं ज्या अल्बममधलं आहे त्याचं नाव ‘अ नाईट अॅट दि ऑपेरा’. ब्रिटनच्या ‘क्वीन’ बँडचा हा अल्बम नोव्हेंबर १९७५ मध्ये बाजारात आला. आज रॉक संगीतातल्या सर्वोत्तम अल्बममध्ये त्याची गणना होते, पण तो येण्याआधी परिस्थिती अगदी वेगळी होती.

आणि या गोष्टीची सुरुवात लंडनमध्ये नाही, तर आपल्या सातारा जिल्ह्यात होते.

पाचगणीचा फारुख

फ्रेडी मर्क्युरीचं खरं नाव फारुख बलसारा. तो मुंबईत जन्मला असं सोशल मीडियावर बऱ्याचदा लिहिलं जातं, पण ते चूक आहे. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेतल्या झांजिबारला झाला. कुटुंब पारशी, मूळचं गुजरातचं. बलसाड म्हणजे आजचं वलसाड, त्यावरूनच हे आडनाव आलं. वडील बोमी बलसारा ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते.

वयाच्या आठव्या वर्षी फारुखला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवण्यात आलं. नाशिकजवळ देवळालीला जसं बार्न्स स्कूल आहे, तशीच ही ब्रिटिश वळणाची निवासी शाळा. आईवडील समुद्रापलीकडे आणि मुलगा सह्याद्रीच्या डोंगरात, त्यामुळे सगळ्याच सुट्ट्यांना घरी जाणं शक्य नसायचं. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला इथेच मिळालं आणि पियानोचे रीतसर धडेही इथेच सुरू झाले.

१९५८ मध्ये, बाराव्या वर्षी, त्याने चार मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यात फ्रेडी मुख्य गायक नव्हता, तो पियानो वाजवायचा. शाळेच्या कार्यक्रमांत ही पोरं एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्डची गाणी सादर करायची. यातला क्लिफ रिचर्डही जन्माने लखनौचा. हेक्टिक्समधला व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला, तर डेरिक ब्रांच ब्रिटनमध्ये अभिनेता.

१९६३ मध्ये फ्रेडी झांजिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं. लंडनजवळच्या फेल्टममध्ये त्यांनी पुन्हा शून्यातून संसार मांडला.

नाव झालं, पण खिसा रिकामा

१९७० मध्ये फ्रेडी, गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांनी ‘क्वीन’ सुरू केला. वर्षभरात बास गिटारवादक जॉन डीकन त्यांना मिळाला. १९७४ च्या ‘किलर क्वीन’ने ब्रिटनच्या यादीत दुसरा क्रमांक गाठला. लोकांना वाटत होतं की पोरं श्रीमंत झाली. प्रत्यक्षात आधीच्या व्यवस्थापनाशी झालेल्या करारामुळे त्यांच्या हातात फारसं काही उरत नव्हतं, डोक्यावर कर्ज मात्र होतं.

१९७५ मध्ये त्या करारातून सुटका झाली, पण पुढचा अल्बम पडला असता तर बँड टिकणं अवघड होतं. अशा वेळी कुणीही जपून पाऊल टाकेल. या चौघांनी उलटंच केलं आणि त्या काळच्या सर्वांत खर्चिक अल्बमपैकी एक बनवायला घेतला.

टेप झिजेपर्यंत रेकॉर्डिंग

अल्बमचं नाव त्यांनी मार्क्स ब्रदर्सच्या १९३५ मधल्या विनोदी सिनेमावरून घेतलं. निर्माता होता रॉय थॉमस बेकर. एकूण १२ गाणी, आणि चौघांनीही त्यासाठी लेखन केलेलं. एका गाण्यात जुन्या व्यवस्थापकावरचा राग, दुसऱ्यात मोटारीवरचं प्रेम, तिसऱ्यात अंतराळ प्रवासाची कथा. मुखपृष्ठावरचं बोधचिन्ह ग्राफिक डिझाईन शिकलेल्या फ्रेडीनेच काढलेलं होतं.

‘बोहेमियन रॅप्सडी’चं काम ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं. त्यातल्या ऑपेरासारख्या भागात मोठा गायकवृंद गातोय असं वाटतं. प्रत्यक्षात ते फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांचेच आवाज आहेत. आजच्यासारखा कॉम्प्युटर नव्हता. आवाजावर आवाज चढवत जायचे, जागा संपली की सगळं एकत्र करून पुन्हा पुढे. फक्त या भागाला सुमारे तीन आठवडे लागले. टेप मशीनवरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा थर झिजून ती आरपार दिसायला लागली.

१४ वेळा वाजलं आणि दुकानांत गर्दी झाली

गाणं तयार झालं, पण ते होतं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. रेडिओवर तेव्हा तीनेक मिनिटांची गाणी चालायची. त्यात याला धड धृपदही नाही. इएमआय कंपनीतल्या लोकांना ते फारच लांब वाटलं. कापून छोटं करायला मात्र बँडने साफ नकार दिला.

इथे मदतीला आला कॅपिटल रेडिओचा निवेदक केनी एव्हरेट. फ्रेडीच्या या मित्राला गाण्याची प्रत देताना वाजवू नकोस असं बजावलेलं होतं. त्याने आधी थोडे तुकडे ऐकवले, मग आख्खं गाणं. शनिवार-रविवार मिळून तब्बल १४ वेळा! सोमवारी लोक रेकॉर्डच्या दुकानांत चौकशीला पोचले, तर गाणं अजून बाजारातच आलेलं नव्हतं.

३१ ऑक्टोबरला ते प्रसिद्ध झालं. ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात अॅलन जोन्स या समीक्षकाने त्याची खिल्ली उडवली. श्रोत्यांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. गाणं सलग नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिलं. काही तासांत चित्रित केलेल्या त्याच्या व्हिडिओमुळे गाण्यांच्या प्रसिद्धीची पद्धतच बदलली. अल्बमही ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेला. कर्जात बुडालेला बँड जगभर पोचला.

या अल्बमची श्रोत्यांशी जुळलेली नाळ पुढेही टिकली. त्यातलं ‘लव्ह ऑफ माय लाईफ’ हे हळवं गाणं दक्षिण अमेरिकेच्या मैदानांत इंग्रजी मातृभाषा नसलेले हजारो लोक एका सुरात गायचे आणि फ्रेडी गायचं थांबवून ऐकत राहायचा.

फ्रेडी गेल्यानंतर

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सशी संबंधित न्यूमोनियाने फ्रेडीचं निधन झालं. तो ४५ वर्षांचा होता. आयुष्यभर भारताबद्दल क्वचितच बोललेल्या या गायकाचा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. त्यानंतर ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हा प्रसिद्ध झालं आणि पुन्हा पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यातून मिळालेला पैसा एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आला.

२०१८ मध्ये या अल्बमला ‘ग्रॅमी हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं. त्याच वर्षी ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे विसाव्या शतकातलं सर्वाधिक स्ट्रीम झालेलं गाणं ठरल्याचं जाहीर झालं. या गाण्याचा नेमका अर्थ काय, यावर आजही वाद होतात. त्यात ‘बिस्मिल्ला’ हा शब्द का आला, इथपासून त्यात फ्रेडीचं स्वतःचं दुःख दडलंय का, इथपर्यंत. फ्रेडीने शेवटपर्यंत त्याचा खुलासा केला नाही. अर्थ लावायचं काम त्याने ऐकणाऱ्यांवर सोडलं, आणि पन्नास वर्षं झाली तरी ते चालूच आहे.