व्यायामशाळेतील दिव्यांग व्यक्तींचे हक्क : काय मागावे, तक्रार कोठे करावी

“आमच्याकडे दिव्यांगांसाठी सोय नाही,” असे सांगून व्यायामशाळेने प्रवेश नाकारला, तरी विषय तेथे संपत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी आणि खाजगी, दोन्ही प्रकारच्या व्यायामशाळा त्याच्या कक्षेत येतात.

कायदा काय सांगतो?

• सर्वसामान्य लोकांच्या वापरातील प्रत्येक इमारत ही ‘सार्वजनिक इमारत’ आहे. व्यवसाय, करमणूक किंवा आरोग्यसेवेसाठी वापरली जाणारी खाजगी इमारतही त्यात येते.
• दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही (कलम ३).
• क्रीडा सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करणे ही शासनाची जबाबदारी आहे (कलम ३०).
• सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही (कलम ४४).
• सुगम्यतेची किमान मानके बंधनकारकच असली पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

हा हक्क कोणाला आहे?

कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. अनेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते. भेदभावापासून संरक्षण मिळण्यासाठी मात्र ही अट नाही.

कोणत्या सोयी मागता येतात?

१. प्रवेश : पायऱ्यांच्या जोडीला रॅम्प. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा उतार १:१२ असावा. म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी लागते. यापेक्षा उभ्या चढावर व्हीलचेअर चालवणे धोक्याचे असते.
२. दरवाजा व जागा : दरवाजाची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. व्हीलचेअर वळवण्यासाठी १५० सेंटिमीटर मोकळी जागा.
३. स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची खोली : आधाराचे दांडे आणि व्हीलचेअर आत जाईल एवढी जागा.
४. व्यायामाची साधने : यंत्राशेजारी व्हीलचेअर लावता येईल अशी मांडणी. दृष्टिबाधित व्यक्तींना बोलून व हाताने स्पर्श करून ओळख, कर्णबधिर व्यक्तींना प्रात्यक्षिक किंवा लेखी सूचना.

बागेतील खुल्या व्यायामशाळेबाबतही अशी मागणी करता येते. वाहने आत येऊ नयेत म्हणून बसवलेले अरुंद किंवा फिरते फाटक व्हीलचेअरचीही वाट अडवते. अशा ठिकाणी बाजूला वेगळा रुंद मार्ग मागावा.

प्रत्येक सोयीसाठी मोठा खर्च येतोच असे नाही. एक बाक सरकवणे किंवा तळमजल्यावर काही साधने ठेवणे हेही पुरेसे ठरू शकते. अशा बदलांना कायद्यात ‘वाजवी सोय’ म्हटले आहे. मात्र अवाजवी भार पडेल अशा बदलाची सक्ती करता येत नाही.

तक्रार कशी करावी?

१. प्रथम व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. व्यायामशाळा महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची असल्यास अर्ज त्या कार्यालयात द्यावा.
२. दाद न मिळाल्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. महाराष्ट्रात हे कार्यालय पुणे येथे आहे. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी त्या राज्याच्या आयुक्तांकडे जावे. केंद्र शासनाच्या अखत्यारीतील बाबींसाठी नवी दिल्ली येथील मुख्य आयुक्त आहेत.
३. अडथळ्याचे छायाचित्र ‘सुगम्य भारत’ ॲपवरही पाठवता येते.

सोबत जोडावे : यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत, आधीच्या अर्जाची पोच, छायाचित्रे, घटनेची तारीख आणि नेमकी मागणी.

नेहमीचे प्रश्न

सुरक्षिततेचे कारण देऊन नकार दिला तर?
कोणत्या साधनाबाबत आणि का, हे लेखी मागावे. एका यंत्राचा धोका हे संपूर्ण व्यायामशाळा बंद ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

शुल्कात सवलत मिळते का?
या कायद्यात तशी तरतूद नाही. स्थानिक संस्थेची सवलत आहे का, हे तेथेच विचारावे.

आयुक्त काय करू शकतात?
चौकशी करून संबंधित प्राधिकरणाला शिफारस करतात. त्यावर केलेली कार्यवाही प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवायची असते. कायद्याचा भंग सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुढील वेळी ५०,००० ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे (कलम ८९).

तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. त्यामुळे अर्ज लेखीच द्यावा आणि पोच जपून ठेवावी.