स्वयंपाकघरातील शांती : ब्रदर लॉरेन्स यांची साधना

मनःशांती हवी असेल तर एकांतात जावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ख्रिस्ती धर्मातही एकांतसाधनेची परंपरा फार जुनी आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेले संत अँथनी हे तिचे आद्य पुरुष मानले जातात. मात्र सतराव्या शतकातील पॅरिसमध्ये एका साधकाला ही शांती मठाच्या स्वयंपाकघरात, भांड्यांच्या खडखडाटात लाभली. ब्रदर लॉरेन्स हे त्यांचे नाव.

पूर्वायुष्य

त्यांचे मूळ नाव निकोला हर्मन. १६१४ च्या सुमारास लोरेन प्रांतातील एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, त्यांनी एक निष्पर्ण झाड पाहिले. काही काळाने याच झाडाला पालवी फुटेल, फुले-फळे येतील, या विचारासरशी परमेश्वराच्या सामर्थ्याची आणि कृपेची जी जाणीव त्यांना झाली, ती आयुष्यभर टिकली. पुढे त्यांनी सैन्यात चाकरी केली. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-४८) पायाला जखम होऊन त्यांना कायमचे अधूपण आले. काही काळ ते एका श्रीमंताकडे नोकर होते. तेथे आपल्या धांदरटपणामुळे हाती येईल ती वस्तू फुटत असे, असे त्यांनीच सांगितले आहे. १६४० मध्ये ते पॅरिसमधील अनवाणी कार्मेलाइट संघाच्या मठात दाखल झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत. अंगमेहनतीची कामे करणारे सेवक-बंधूच राहिले. त्यांच्याकडे स्वयंपाकघराचे काम आले. या कामाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरी सुमारे पंधरा वर्षे त्यांनी ते केले. पुढे ते मठवासीयांच्या वहाणा तयार करू लागले.

अशांतीची वर्षे

मठात पाऊल ठेवताच मन निवले, असे मात्र घडले नाही. पहिली सुमारे दहा वर्षे त्यांनी तीव्र अंतःक्लेशांत काढली. पूर्वीची पापे सतत डोळ्यांपुढे उभी राहत. आपला उद्धार होणार नाही, या भयाने तर त्यांना चार वर्षे ग्रासले होते. या भयाचा निरास कोणत्याही युक्तिवादाने झाला नाही. अखेर त्यांनी मनाशी ठरविले की, आपण या मार्गाला लागलो ते केवळ परमेश्वराच्या प्रेमापोटी. मग आपले तारण होवो अथवा नाश, श्वास आहे तोवर त्या प्रेमाखातरच वागायचे. हे क्लेश आता जन्मभर सोसायचे, अशी मनाची तयारी झाली आणि त्यानंतर एकाएकी त्यांना खोल शांतीचा अनुभव आला. शांतीचा आग्रह सुटल्यावरच ती त्यांच्याकडे आली, ही या चरित्रातील विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय.

साधनेचे स्वरूप

ही साधना अत्यंत साधी आहे. परमेश्वर आपल्यासन्निध आहे, असे मानून दिवसभर काम करता करता त्याच्याशी मनातल्या मनात बोलत राहावे. कामापूर्वी त्याचे साहाय्य मागावे, काम झाल्यावर आभार मानावेत. मन भरकटले तर त्यावर चरफडू नये. हळुवारपणे ते परत आणावे. चूक घडली तर ती सरळ कबूल करावी, क्षमा मागावी आणि पुन्हा कामाला लागावे. तव्यावरचे आम्लेट उलटणे असो वा जमिनीवरची काडी उचलणे, ते देवाच्या प्रेमाने केले की तीच उपासना होते, असे ते म्हणत. प्रार्थनेची नेमलेली वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांना पुढे भेद उरला नाही. मराठी वाचकाला येथे सावता माळी आणि जनाबाई यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही.

या साधनेला शुभवर्तमानाचा आधार आहे. योहानाच्या शुभवर्तमानानुसार, येशूने शिष्यांना शांतीचे अभिवचन दिले ते अटक झाली त्याच रात्री, अटकेच्या थोडे आधी. जगाकडून मिळते तशी ही शांती नव्हे, असेही त्याने सांगितले. संकटे टळल्याने येणाऱ्या स्वस्थतेहून ही शांती वेगळी आहे. तिचा पाया विश्वास हा आहे.

ग्रंथ आणि प्रभाव

जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी १६६६ पासून लॉरेन्स यांच्याशी झालेली चार संभाषणे टिपून ठेवली. ती संभाषणे, पत्रे आणि सुवचने लॉरेन्स यांच्या निधनानंतर, १६९२ व १६९४ मध्ये, प्रसिद्ध झाली. ईश्वरी सान्निध्याचा अभ्यास, अशा अर्थाच्या नावाने हा छोटा ग्रंथ आज जगभर वाचला जातो. मात्र त्या काळी फ्रान्समध्ये निवृत्तिवादावरून मोठा वाद पेटला होता. आत्म्याने सर्वस्वी निष्क्रिय व्हावे, या मताला रोमचा विरोध होता. या वादात सापडलेल्या आर्चबिशप फेनेलाँ यांनी लॉरेन्स यांचा दाखला दिल्यामुळे फ्रान्समध्ये हा ग्रंथ काहीसा मागे पडला; पण प्रॉटेस्टंट वाचकांनी तो आपलासा केला. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली हे त्याचे एक चाहते. वस्तुतः लॉरेन्स यांच्यावर निष्क्रियतेचा आरोप करणे कठीण आहे. त्यांच्या शांतीला हाताच्या कामाने कधी बाध आला नाही, आणि शांतीच्या नावाखाली त्यांनी काम कधी टाळले नाही.

अखेरच्या वर्षांत पायाचे दुखणे बळावले, तरी त्यांची प्रसन्नता ढळली नाही. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी पॅरिसच्या त्याच मठात त्यांचे निधन झाले. विद्वत्ता, अधिकार वा स्वतंत्र एकांत यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. ज्यांना घर आणि पोटापाण्याचा उद्योग सोडून कोठेही जाता येत नाही, अशा वाचकांना त्यांचे चरित्र आजही जवळचे वाटते, ते यामुळेच.