दोन फुटांची पेटी आणि थव्यातले मासे

मंडळी, आमच्या इतिहासाच्या पुस्तकात लढाया असत, तह असत, सनावळ्या तर असतच असत. मासे कुठून असणार! पण दिवाणखान्यातल्या माशांच्या पेटीलाही इतिहास असतो, आणि तो चांगलाच चटकदार आहे. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला म्हणून हे हाती लागलं.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी १८५० साली तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात त्यांनी दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि तळाशी व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा आणि माशांनी तो घ्यावा, असा हिशेब. काही दिवस बरं चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळलं. तेव्हा वॉरिंग्टननी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं. बारा गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर. आज दुकानात दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी जी पेटी मिळते तिच्यात ५६ लिटर पाणी मावतं. म्हणजे मापही जवळजवळ तेच, आणि कोण कोणाबरोबर नांदेल हा प्रश्नही तोच. आता या दोन फुटांत दुकानदार सहजपणे वीसेक मासे खपवतो, ही गोष्ट वेगळी.

पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडभर एकच वेड पसरलं. लोक बादल्या घेऊन समुद्रकिनारी धावले. गॉस यांचा मुलगा एडमंड मोठा लेखक झाला. त्याने १९०७ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं आहे की वडिलांच्या पुस्तकांमुळेच किनाऱ्यावरच्या खडकांतली ती सुंदर डबकी ओरबाडली गेली, आणि वडिलांनाही त्याचं दुःख होतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचा संबंध येणार आहे.

माझ्या भाचीने नुकतीच अशी दोन फुटी पेटी घेतली. मला फोनवर विचारते, "मामा, प्रत्येक जातीची एकेक जोडी घेऊ का? छान रंगीबेरंगी दिसेल." दुकानातही जोडीच्याच भावात मासे मिळतात. पण थव्याने राहणाऱ्या माशाला जोडी पुरत नाही. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञांनी १९७१ साली एका प्रसिद्ध लेखात याचं कारण मांडलं. डबक्याकाठच्या बेडकांचं उदाहरण घेऊन ते म्हणाले, साप आला की प्रत्येक बेडूक दुसऱ्या दोघांच्या मधे शिरू बघतो, म्हणून घोळका होतो. आपण समजतो तसं त्यात प्रेम वगैरे असायला हवं असं नाही. आपल्या लोकलच्या गर्दीसारखंच म्हणा ना! मात्र ज्या माशाची ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्याला दोघांतच ठेवलं तर तो झुडपामागे दडून बसतो, रंग फिका पडतो, खाणं सुटतं. काही जाती तर थवा नसला की दुसऱ्यांचे पर कुरतडत बसतात. म्हणून निदान सहा, जमल्यास आठ-दहा, आणि लहान पेटीत शक्यतो एकाच जातीचे. पाच जातींचे दोन-दोन मासे म्हणजे दहा घाबरलेले जीव.

आता गंमत बघा. थव्यातल्या माशांत सर्वांत सोशिक म्हणून ज्याचं नाव घेतात तो झेब्रा डानिओ आपल्याकडचाच, आणि त्याचं नामकरण करणारेही हॅमिल्टनच! हे निराळे. फ्रान्सिस बुकानन, कंपनी सरकारचे डॉक्टर. टिपू पडल्यावर १८००-०१ मध्ये म्हैसूर आणि मलबार पालथं घालणारे ते हेच. पुढे त्यांनी हॅमिल्टन हे आडनाव घेतलं. १८२२ साली त्यांचं गंगेतल्या माशांवरचं पुस्तक निघालं. त्यात कोसी नदीतल्या या दीड-दोन इंची पट्टेरी माशाची नोंद आहे. डानिओ हे नावही बंगाली ‘धानी’वरून आलं असं सांगतात, म्हणजे भातखाचरातला. अमेरिकेत ऑरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी याच माशावर प्रयोग करून १९८१ मध्ये तो जगभरच्या प्रयोगशाळांत नेऊन बसवला.

दुसरा लाडका म्हणजे निऑन टेट्रा. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. १९३६ साली जॉर्ज मायर्स यांनी त्याला नाव दिलं ते अमेरिकेतल्या मत्स्यमासिकाचे संपादक इनेस यांचं. त्याचा भाऊ शोभेल असा कार्डिनल टेट्रा १९५६ साली आला, तर त्याला दोन गटांनी दोन नावं दिली. एक नाव छापलं गेलं २० फेब्रुवारीला, दुसरं २१ला! प्रकरण आंतरराष्ट्रीय आयोगापर्यंत गेलं आणि एका दिवसाने आधीचं नाव जिंकलं. दोन बोटांच्या माशासाठी एवढं भांडण. असो. निऑन आता बहुतेक मत्स्यशेतीतले असतात. कार्डिनल मात्र ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीकाठी बार्सेलोस गावाच्या आसपास आजही हातजाळ्यांनी धरतात. पाणी ओसरलं की त्यातले पुष्कळ मासे तसेही मरतात, आणि हा धंदा आहे म्हणून तिथली माणसं जंगलतोडीकडे वळत नाहीत, असं तिथे काम करणारे अभ्यासक सांगतात. म्हणजे नदीतला मासा घेतला की पाप, असंही सरसकट म्हणता येत नाही.

पण आपल्या सह्याद्रीत उलटं घडलं. केरळातल्या नद्यांत एक देखणा मासा आहे. अंगावर काळा पट्टा, त्यावर लाल रेघ. १८६५ मध्ये फ्रान्सिस डे यांनी मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचं नाव त्याला दिलं. व्यापारी त्याला ‘मिस केरळ’ म्हणतात. १९९७ साली सिंगापूरच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं आणि त्याच्या नशिबी परदेशवारी आली. २००५ ते २०१२ या काळात भारतातून संकटातल्या ३० जातींचे पंधरा लाखांवर मासे निर्यात झाल्याचं २०१३ च्या एका अभ्यासात आलं, आणि त्यात या माशाचा वाटा मोठा होता. केरळ सरकारने २००८ मध्ये काही महिने पकडबंदी घातली, तर ते महिने त्याच्या विणीचे नव्हतेच! २०१३ मध्ये संशोधकांनी त्याच्या वंशाला ‘सह्याद्रिया’ हे नवं नाव दिलं. आपल्या डोंगराचं नाव मिळालं याचा मला आनंदच झाला, पण गॉस यांच्या किनाऱ्याची आठवण काही गेली नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीने तो वाघाच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत गेला.

भाचीने दुकानातून त्याचाच फोटो पाठवला होता. मी तिला लिहिलं, बाई, तो चार-पाच इंच वाढतो, थव्याने पोहतो, त्याला लांबलचक चार फुटी पेटी हवी आणि वाहतं पाणी. तुझ्या पेटीत आठ झेब्रा सोड. निऑनच घ्यायचे तर झेब्र्यांबरोबर नकोत. झेब्रा सारखे धावतात आणि दाणे आधी पळवतात, शिवाय त्यांना जरा गार पाणी मानवतं. तळाला दोन-तीन गोगलगायी असू देत, वॉरिंग्टनच्या नावाने. आणि झाकण घट्ट लाव, झेब्रा उड्या मारतात.