मृद्विरहित संवर्धन
मृद्विरहित संवर्धन : मातीचा उपयोग न करता पोषक लवणांच्या विद्रावावर वनस्पती वाढविण्याची पद्धती. तीस हायड्रोपॉनिक्स असेही म्हणतात. मुळांना पाणी व हवा एकाच वेळी कशी पुरवावी, हा या पद्धतीतील मूलभूत प्रश्न असून जलपुरवठ्यातील बहुतेक सुधारणा त्यातूनच झाल्या आहेत.

जॉन वुडवर्ड यांनी १६९९ मध्ये पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढविली. माती मिसळलेल्या पाण्यातील रोपे अधिक वाढली. त्यावरून वनस्पतीस केवळ पाणी पुरत नाही, हे स्पष्ट झाले. १८६० नंतर यूलिउस झाक्स व व्हिल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी ज्ञात लवणांच्या विद्रावात वनस्पती वाढविल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९२९ च्या सुमारास हे तंत्र पीक घेण्यासाठी वापरले. त्याच विद्यापीठातील होगलंड व आरनन यांनी १९३८ मध्ये त्याची चिकित्सा केली. चांगल्या जमिनीपेक्षा या पद्धतीने स्वभावतःच अधिक उत्पन्न येते असे नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि विद्रावात हवा खेळविण्यावर भर दिला.

पुढे इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी उतरत्या पन्हळीतून विद्रावाचा पातळ थर सतत वाहता ठेवण्याची पद्धत विकसित केली. तीत मुळांना भरपूर हवा मिळते. मात्र पंप थांबताच ती सुकू लागतात. भारतात शॉल्टो डग्लस यांनी १९४६ पासून कालिंपाँग येथे प्रयोग केले. त्यांच्या ‘बंगाल पद्धती’त खडी व वाळूच्या थरावर कोरडी लवणे पसरून पाणी देतात, पंपाची आवश्यकता नसते.

घरातील झाडांसाठी पद्धत निवडताना स्थानिक हवामानाचा विचार करावा लागतो. माणगाव (जि. रायगड) येथे जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस, तर उन्हाळा उष्ण व दमट असतो. २०° से. तापमानाच्या एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, ३०° से. ला तो सुमारे ७.५ मिग्रॅ. इतकाच राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात साचलेल्या विद्रावात मुळे गुदमरून कुजण्याचा धोका वाढतो. दुसरीकडे, वादळी पावसात वीज गेल्यास पंपावर अवलंबून असलेली योजना निरुपयोगी ठरते. अशा ठिकाणी थोड्या झाडांसाठी वातीची पद्धत सोयीची असते. खालच्या भांड्यातील विद्राव सुती वातीवाटे काथ्याच्या भुशात चढतो व मुळांभोवती हवाही राहते. फार पाणी पिणाऱ्या झाडांना मात्र ती अपुरी पडते.

या व्यवस्थेत सुधारणा अल्प खर्चात करता येतात. भांडे अपारदर्शक असल्यास शैवल वाढत नाही. घट्ट झाकण असल्यास डासांची पैदास टळते. विद्रावाचे पीएच मूल्य सामान्यतः ५.५ ते ६.५ ठेवतात. बाष्पीभवनाने लवणे तीव्र होत असल्याने मधूनमधून साधे पाणी घालून पातळी राखतात व ठराविक काळाने सर्व विद्राव बदलतात. मुळे पांढरी व टणक असणे हे व्यवस्था योग्य असल्याचे लक्षण होय. ती तपकिरी व बुळबुळीत झाल्यास खत वाढविण्याऐवजी प्रथम हवेचा पुरवठा सुधारावा लागतो.