काचेवरची टिकली

दिवाळीत मंठ्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. घरात पाय ठेवला, पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधीच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते सोयाबीनवाल्या गोगलगायी घरात शिरल्या बघा. तुमच्याच त्या टँकमधी."

टँक मी मागच्या वर्षी पुतणीसाठी पुण्याहून आणला होता. दोन फुटी काच, चार गप्पी, दोन मॉली, एक एअर पंप. पोळ्याच्या सुमारास आमच्या मोठ्या पुतण्याने गावाबाहेरच्या पाझर तलावातून हायड्रिलाची जुडी आणून त्यात सोडली, "फुकटात झाडं" म्हणून. आता दोन महिन्यांनी काचेवर, पंपाच्या नळीवर, खड्यांवर जिकडे बघावं तिकडे शंखच शंख. मोजायला बसलो आणि साठाच्या पुढे कंटाळलो.

दादाचा उपाय तयार होता. "चिमूटभर मोरचूद टाक, सकाळपर्यंत साफ." वहिनींची काळजी वेगळी होती. "लेकरू रोज हात घालतंय त्यात. मागं मनगटावर पुरळ उठलं होतं आठ दिवस. ह्याच्यानंच असंल का?"

मोरचूद टाकणं सोपं होतं. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. सर्व्हर बोंबलला की लगेच रिस्टार्ट करायचा नाही, आधी लॉग बघायचे. रिस्टार्ट केला की पुरावा जातो, आणि पुढच्या आठवड्यात तोच बग पुन्हा समोर. म्हणून म्हटलं, दादा, दोन दिवस थांब. हे कोण आहेत ते तरी बघू.

सगळ्यात आधी सोयाबीनवाल्यांना बाजूला काढतो, कारण वहिनींची भीती उगाच नव्हती. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, हे मराठवाड्यात सगळ्यांच्या लक्षात आहे. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 साली विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या शौकीन इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून तिचे जिवंत नमुने कलकत्त्यात आणले, तिथून ती चौरंगीच्या बागेत सुटली आणि पुढचा इतिहास आपल्या शेतात आहे. पण ती जमिनीवरची. पाण्यात टाकली तर बुडून मरेल. टँकमधले शंख तिच्या गावचे नाहीत.

मग ते कुठले? भिंग घेऊन बसलो (भिंग पुतणीचं, दहा रुपयांचं). तीन प्रकार दिसले.

पहिला लांबुडका, मळसूत्री, टोकदार. दिवसा खड्यांत गडप, रात्री वर. हा म्हणजे मेलॅनॉइड्स. जगभरचे मासे पाळणारे याला 'मलेशियन' म्हणतात आणि वैतागतात, कारण याला जोडीदार लागत नाही. एकटी मादी पिल्लं घालत राहते. अंडीही नाहीत, थेट पिल्लं. गंमत अशी की डॅनिश शास्त्रज्ञ म्युलरने 1774 साली या शंखाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून. नाव मलेशियाचं, कागदपत्रं आपली. पुढे विसाव्या शतकात शोभेच्या माशांच्या व्यापाराबरोबर तो अमेरिकेत पोचला आणि तिथल्या नद्यांमध्ये उपद्रवी ठरला. आपल्याकडे मात्र तो घरचाच.

दुसरा चपटा, गुंडाळलेल्या दोरीसारखा, तपकिरी. मोठा झाला की रुपयाच्या नाण्याच्या आसपास जातो. मांस लालसर दिसतं, कारण याच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. हा इंडोप्लॅनॉर्बिस. नावातच इंडिया आहे. पाझर तलाव, नाला, भाताचं खाचर, म्हशी डुंबतात तो डोह, कुठेही बघा, हा सापडणारच.

तिसरा मला आधी दिसलाच नाही. काचेवर पाण्याचे वाळलेले डाग असावेत तसे दोन-तीन मिलिमीटरचे ठिपके होते. कपाळावरची टिकली चिकटवावी तसे चिकटलेले. पाच मिनिटं टक लावून बघितलं तेव्हा एक ठिपका सरकला. याला गुंडाळी नाही, नुसती छोटी टोपी. फेरिसिया घराण्यातला.

दुसऱ्या आणि तिसऱ्याची नावं शोधत बसलो आणि शनिवार-रविवार दोन्ही गेले. कारण या दोघांचा इतिहास माशांच्या पुस्तकात नाही, रोगांच्या पुस्तकात आहे. आणि त्यातला बराचसा महाराष्ट्रात घडलेला आहे.

थोडं मागे जायला हवं. 1851 साली कैरोत थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरला शवविच्छेदनात माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी सापडला. लघवीतून रक्त जाण्याचा जो रोग इजिप्तमध्ये घरोघरी होता, त्याचं कारण हा कृमी. पण तो माणसात शिरतो कसा, हे पुढची साठ वर्षं कळलं नाही. 1913 मध्ये जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी तिथल्या जातीसाठी, आणि 1915 मध्ये इजिप्तमध्ये रॉबर्ट लायपर यांनी तिथल्या जातींसाठी कोडं सोडवलं. मधला मुक्काम गोड्या पाण्यातली गोगलगाय. रोग्याच्या मलमूत्रातली अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी विशिष्ट जातीच्या गोगलगायीत शिरते, तिथे वाढते, आणि काही आठवड्यांनी हजारो शेपटीवाल्या अळ्या पाण्यात बाहेर पडतात. त्या थेट कातडीतून माणसात घुसतात. पाणी प्यायची गरज नाही, नुसतं पाय बुडवून उभं राहिलं तरी पुरे.

लायपर इजिप्तला गेले ते पहिल्या महायुद्धात, सैनिकांना या रोगापासून वाचवायला. त्याच युद्धात आपले हजारो सैनिक इजिप्त आणि मेसोपोटेमियात होते. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. हे लोक परत येताना शरीरात कृमी घेऊन आले तर? गावाकडच्या ओढ्यात त्याला हवी तशी गोगलगाय मिळाली तर?

मुंबईत परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत (हिचंच 1925 साली हाफकिन इन्स्टिट्यूट झालं) तेव्हा ग्लेन लिस्टन होते. प्लेग पसरण्यातली उंदरावरच्या पिसवेची भूमिका दाखवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता तेच. त्यांनी आणि डॉ. सोपारकर यांनी 1918 साली गुरांच्या रक्तातल्या अशाच एका कृमीचं जीवनचक्र मांडलं, आणि 1921 मध्ये सोपारकरांनी त्याच्या अळीचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. मधला मुक्काम कोण? आपला चपटा तपकिरी शंख. त्याच 1921 साली अ‍ॅनंडेल आणि प्रसाद यांनी त्याला इंडोप्लॅनॉर्बिस हे स्वतंत्र नाव दिलं. म्हणजे शंखाचं बारसं आणि त्याच्यावरचा आरोप, दोन्ही एकाच वर्षी.

पुढे 1933 मध्ये मद्रासकडे राव यांनी गुरांच्या नाकातल्या शिरांत राहणाऱ्या कृमीचं वर्णन केलं. त्याने नाकात गाठी येतात आणि जनावर श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज करतं. त्याचाही मधला मुक्काम हाच शंख.

हे वाचून दाखवत होतो तेव्हा दादा एकदम म्हणाला, "आज्याचा एक बैल घोरायचा, आठवतं का? आज्याला वाटायचं नजर लागली." मला पुसटसं आठवलं. त्या बैलाला नेमकं हेच झालं होतं का ते आज कोण सांगणार? पण तो ज्या नाल्यावर पाणी प्यायचा तिथे हे शंख होते, एवढं मात्र दोघांनाही आठवत होतं.

असो. आता टिकलीकडे.

महायुद्धानंतर ज्याची भीती होती ते, म्हणजे माणसांमधला हा रोग, भारतात रुजल्याचं दिसत नव्हतं. बाहेरून आलेले तुरळक रोगी सापडायचे, एवढंच. इजिप्तमध्ये या कृमीला जी गोगलगाय लागते ती आपल्याकडे नाही, त्यामुळे आपण सुरक्षित, असा समज होता. आणि मग 1952 साली गाडगीळ आणि शहा या दोन डॉक्टरांनी जाहीर केलं की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात हा रोग आहे. गुहागर तालुक्यातलं कोकणातलं छोटं गाव. तिथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं आणि तपासणीत या कृमीची अंडी मिळाली.

पुढचा प्रश्न सरळ होता. गोगलगाय कुठली? शोध घेणाऱ्याची नजर साहजिकच मोठ्या, ठळक शंखांवर जाते. गाडगीळ आणि शहा यांनी 1955 मध्ये बोट दाखवलं ते फेरिसियाकडे, काचेवरच्या टिकलीएवढ्या जिवाकडे. माझ्याच टँकमध्ये मला ती शेवटी दिसली. गावच्या पाण्यात दगडाला आणि पानाला चिकटलेला हा ठिपका ज्यांनी उचलून तपासला, त्यांच्या चिकाटीला खरंच नमस्कार.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. गिमवीचं प्रकरण शास्त्रज्ञांमध्ये पूर्ण मिटलेलं नाही. तो आफ्रिकेतलाच कृमी की वेगळी जात, आणि टिकली हीच खरी वाहक का, यावर नंतर बरेच प्रश्न विचारले गेले. सुदैवाने रोग गिमवीतून देशभर पसरला नाही. पण "आपल्याकडे ती गोगलगाय नाही" या एका वाक्यावर विसंबून राहणं किती धोक्याचं, हे त्या गावाने दाखवून दिलं.

आता परत मंठ्याच्या टँककडे. या सगळ्या इतिहासातून वहिनींच्या प्रश्नाला उत्तर मिळतं, आणि ते मोरचूदवाल्या उत्तरापेक्षा नेमकं आहे.

गोगलगाय जन्मतः रोग घेऊन येत नाही. तिच्यात अळी शिरायला पाण्यात रोगी जनावराचं शेण किंवा माणसाचं मलमूत्र पडावं लागतं. काचेच्या पेटीत ते पडत नाही. म्हणजे टँकमध्ये अंड्यातून निघालेली सगळी नवी पिल्लं स्वच्छ. शंका घ्यायचीच तर पाझर तलावातून हायड्रिलाबरोबर आलेल्या मूळ चार-सहा मोठ्या शंखांची घ्यायची, कारण तिथे म्हशी डुंबतात, बैल पाणी पितात. त्यांच्यात गुरांच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या माणसाच्या कातडीत घुसल्या तर पुढे जाऊ शकत नाहीत, तिथेच मरतात. पण खाज सुटते, पुरळ उठतं. पुतणीचं पुरळ त्यानेच उठलं असं मी छातीठोक सांगणार नाही. डासही चावलेला असू शकतो. पण शक्यता होती, आणि वहिनींनी ती पुस्तक न उघडता ओळखली होती.

मग आम्ही केलं ते असं. मोठे चपटे शंख चिमट्याने वेचून काढले आणि उकळत्या पाण्यात टाकले. नाल्यात किंवा विहिरीत सोडले नाहीत, हे महत्त्वाचं. पुतणीचे हात महिनाभर टँकबाहेर, आणि माशांना खाणं घालायला चमचा. गप्पींचं खाणं निम्म्यावर आणलं, कारण गोगलगायींची संख्या वाढते ती आपण टाकलेल्या जास्तीच्या खाण्यावर. त्यात आमच्या बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर बसतो. शंख बांधायला चुनाही आयताच. रात्री काकडीची चकती दोऱ्याला बांधून सोडायची, सकाळी चिकटलेल्या शंखांसकट उचलायची. मेलॅनॉइड्स राहू दिले, ते खडे भुसभुशीत ठेवतात. यापुढे बाहेरचं झाड आलं तर ते आधी महिनाभर वेगळ्या बादलीत, पानामागची जेलीसारखी अंडी पुसून.

मोरचूद का नाही? त्याने गोगलगायी मेल्या असत्या. पण तांबं माशांनाही बाधतं आणि जड पाण्यात त्याचं प्रमाण साधणं अवघड. शिवाय शंभर शंख एका रात्रीत खड्यांत कुजले की पाण्यात अमोनिया होतो आणि सकाळी मासेही उलटे तरंगतात. सफाई झाली असती, पण सगळ्यांचीच. आणि पुरळ कशाने उठलं असेल हा प्रश्न तसाच राहिला असता.

परवा वहिनींचा फोन होता. शंख कमी झालेत, रोज चार-पाच काकडीवर येतात. पुतणीला नवा उद्योग मिळालाय, भिंग घेऊन काचेवरच्या टिकल्या मोजायचा. काल बारा होत्या म्हणे. मी विचारलं, हात घालतेस का? तर म्हणाली, "नाही काका, नुसतं बघते."

तूर्तास इतकंच.